गाईला कागद खरंच पचतो का?

बर्डीवाला | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, प्रश्न माझा नाही, सातवीतल्या लेकीचा आहे. काल संध्याकाळी नागपुरात गोकुळपेठ बाजारात भाजी घ्यायला गेलो होतो. तिथे एक पांढरी गाय भिंतीवरचं पोस्टर दातांनी सोलून सोलून खात होती, अगदी निवांत, घरचंच असल्यासारखी. लेकीनं विचारलं, "बाबा, हिला कागद पचतो?" मी भाजीच्या नादात म्हणालो, "गाईला सगळं पचतं." झालं. घरी येईपर्यंत उलटतपासणी. कागद झाडापासून होतो, गवतही झाडासारखंच, मग तिला पचतं तर आपल्याला का नाही? आपण तर तिच्यापेक्षा हुशार.

शेवटच्या वाक्यावर मी काही बोललो नाही.

ऑफिसातला एक मित्र म्हणतो की गाय कागदासाठी नाही, मागच्या खळीसाठी पोस्टर खाते. खरं काय? रविवारी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी नंदीचा पोळा आहे, नंदी रंगवताना पोरगी परत विचारणार. तोवर उत्तर पाहिजे.

खट्टामिठा | सोमवार, रात्री ९:५२

पोस्टर कोणाचं होतं त्यावर आहे. काही चेहरे कोणालाच पचत नाहीत.

सदाशिवपेठी | सोमवार, रात्री १०:०५

आमच्याकडे गाई भिंतीवरच्या पाट्या वाचतात, खात नाहीत.

खट्टामिठा | सोमवार, रात्री १०:०७

@सदाशिवपेठी तुमच्या पाट्या वाचल्यावर कोणाचीही भूकच मरते, राजेहो.

मृण्मयी_म | सोमवार, रात्री ११:१०

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

लेकीचा प्रश्न नेमका आहे. भाताचा स्टार्च आणि कागदाचा सेल्युलोज, दोन्ही साखरेच्याच, म्हणजे ग्लुकोजच्या माळा. मणी तेच, फक्त ओवण्याची तऱ्हा वेगळी. स्टार्चची गाठ सोडवणारं विकर (एन्झाइम) आपल्या लाळेतच असतं, म्हणून भात बराच वेळ चावला की गोड लागतो. सेल्युलोजची गाठ सोडवणारं विकर आपलं शरीर बनवत नाही.

आणि गंमत अशी, की गाईचंही बनवत नाही. म्हैस, शेळी, हरीण, कोणाचंच नाही. गाईला गवत पचत नाही. तिच्या पोटात राहणाऱ्यांना पचतं.

गाईच्या चार कप्प्यांपैकी पहिला सगळ्यात मोठा, रुमेन. मोठ्या संकरित गाईत शंभर-दीडशे लिटरची टाकीच. आत अंधार, ऊब ३९ अंशांच्या आसपास आणि ऑक्सिजन जवळपास नाहीच. त्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटी किंवा त्याहून जास्त जिवाणू असतात. त्यातले सगळे काही सेल्युलोजचे तंतू फोडणारे नाहीत. ते काम मुख्यतः तिघांचं: फायब्रोबॅक्टर सक्सिनोजीन्स, रुमिनोकॉकस अल्बस आणि रुमिनोकॉकस फ्लेव्हफेशियन्स. हे द्रवात नुसते तरंगत बसत नाहीत, काडीला चिकटतात आणि चिकटल्या जागी पोखरतात. फ्लेव्हफेशियन्सची तर कमाल आहे. त्याची वेगवेगळी विकरं एकाच सांगाड्यावर बसवलेली असतात. विळी, किसणी आणि अडकित्ता एकाच पाटावर ठोकून दिल्यासारखी.

रॉबर्ट हंगेट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाआधी यांना प्रयोगशाळेत वाढवणं जवळपास अशक्य होतं, कारण हवा लागली की हे मरतात. हंगेट आधी वाळवीच्या पोटावर काम करत होता, तिथून तो गाईकडे आला. कार्बन डायऑक्साइड भरलेल्या नळीत पातळ अगार (जिवाणू वाढवायची जेली) ओतायचं आणि ते थिजेपर्यंत नळी गोल फिरवत राहायची, म्हणजे आतून पातळ थर बसतो. १९४० च्या दशकातली ही युक्ती पुढे जगभर चालली.

तर कागद: हो, पचतो. किती, ते कागदावर अवलंबून. उद्या लिहिते, पेपर तपासायचेत.

बर्डीवाला | सोमवार, रात्री ११:२५

@मृण्मयी_म ताई, फार छान. पण जिवाणूच सगळं खाऊन टाकतात तर गाईच्या वाट्याला काय येतं?

मृण्मयी_म | मंगळवार, सकाळी ७:१५

उरलेलं. आणि उरतं भरपूर. ऑक्सिजन नसल्यामुळे जिवाणूंना साखर पूर्ण जाळता येत नाही. चूल धुमसत राहावी तसं होतं, लाकडाचा कोळसा होतो पण राख होत नाही. हा कोळसा म्हणजे तीन छोटी आम्लं: अ‍ॅसिटिक (व्हिनेगरमधलं तेच), प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. रुमेनच्या भिंतीतून ती रक्तात जातात आणि गाईच्या पेशींकडे ऑक्सिजन असल्यामुळे तिथे नीट जळतात. गाईच्या ऊर्जेतला साधारण ७० टक्के वाटा या आम्लांचा. प्रोपिऑनिकपासून यकृत साखर बनवतं, अ‍ॅसिटिकपासून दुधातली बरीचशी चरबी होते. तुमच्या सायीचा उगम तिथे आहे.

दुसरी मिळकत म्हणजे खुद्द जिवाणू. चाऱ्याबरोबर ते पुढे वाहत जातात आणि चौथ्या कप्प्यात, जे आपल्यासारखं खरं पोट आहे, तिथे गाय त्यांना पचवते. तिच्या आतड्यात पोचणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त बहुधा या जिवाणूंचीच असतात.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९:३०

एक मिनिट. म्हणजे गाय रोज अब्जावधी जीव पचवते? मग ती शाकाहारी कशी?

खट्टामिठा | मंगळवार, सकाळी ९:३४

घ्या, पेटला धागा. चहा-पोहे मागवा, तर्री वेगळी.

डॉ_शिंगरू | मंगळवार, सकाळी १०:२०

@शंकासुर जिवाणू प्राण्यांत मोडत नाहीत, तेव्हा तेवढ्यापुरती सुटका. पण रुमेनमध्ये प्रोटोझोआ हे एकपेशीय जीवही असतात, मिलिलिटरला लाखांच्या घरात, आणि जुनी पुस्तकं त्यांना प्राणी म्हणायची. मी सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलो. रुमेनचा थेंब पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तो दिवस अजून आठवतो. गणपती विसर्जनाच्या दिवशी फुटाळा तलावावर असायची तशी गर्दी. स्लाइड थंड होते तशी गर्दी मंदावते, म्हणून सर ओरडायचे, "गरम आहे तोवर बघा रे!"

रानवेडा | मंगळवार, सकाळी ११:०२

मृण्मयीताईंच्या चौथ्या पोटावरून आठवलं. रामटेकच्या गडावर प्रसाद हिसकावणारी काळतोंडी वानरं सगळ्यांनी पाहिलीत. ती मुळात पालेखाऊ. त्यांचंही पोट कप्प्याकप्प्यांचं, त्यातही जिवाणू पानं आंबवतात. पुढे त्या जिवाणूंना फोडायला लायसोझाइम नावाचं विकर लागतं. आपल्या अश्रूंत असतं तेच, पण पोटातल्या आम्लात टिकेल असं बदललेलं. गाय आणि वानर यांचं जवळचं नातं नाही, तरी दोघांच्या लायसोझाइममध्ये काही बदल अगदी सारखे झालेत. अ‍ॅलन विल्सन या शास्त्रज्ञाच्या गटानं १९८७ मध्ये हे दाखवलं. एकाच गरजेतून दोन वेगळ्या घरांनी एकच युक्ती काढली.

म्हणून हात जोडून विनंती, रामटेकला गेलात तर वानरांना बिस्किटं देऊ नका.

कोठ्यातून | मंगळवार, दुपारी १:१५

म्या कुही तालुक्यातला. घरी चार म्हशी, दोन गाई आन् एक बैलजोडी हाये. धागा पाहून राह्यलो सकाळपासून, आता जेवण झालं तर लिवतो.

ताई जे सांगून राह्यल्या ते आमाले पोथीतून नाई, पोळ्यातून समजलं. पाच सालं झाली. पोळ्याच्या दिवशी माया बैलाले आळीतल्या साऱ्याईनं पुरणपोळी चारली. एक मावशी तं भाताचं गंजच घेऊन आली, लाडका बैल ना! रातच्याले बैल बसला तं उठेच ना. पोट डबडब, तोंडाले आंबूस वास, रवंथ बंद. डॉक्टर आले, सोडा पाजला, सलाइन लावलं. तीन दिवस गेले बैल सावरासाठी. तवा डॉक्टर म्हने, "तुमी बैलाले नाई, त्याच्या पोटातल्या किड्याईले मारलं." मले वाटलं डॉक्टरच येडा हाये. आता समजलं.

डॉ_शिंगरू | मंगळवार, दुपारी २:४०

@कोठ्यातून दादा, डॉक्टर शहाणाच होता :) पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा फोन थांबत नाही.

होतं असं. कुटार-कडबा फोडणारे जिवाणू सावकाश काम करणारे आणि नाजूक. रुमेनचा सामू (पीएच, आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) सहा ते सातच्या मध्ये असला की खूश, सहाच्या खाली गेला की काम टाकून बसतात. पुरण, भात, मैदा, गूळ एकदम आत गेला की भलत्यांचीच चंगळ होते, स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस वगैरेंची. ते भराभर वाढतात आणि लॅक्टिक आम्ल ओकतात. सामू पाचच्याही खाली येतो. मग आम्लात टिकणारे लॅक्टोबॅसिलस पुढचा कारभार हातात घेतात, रुमेनची हालचाल थांबते, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. जनावर दगावतंसुद्धा.

एरवी हा तोल लाळ सांभाळते. मोठी गाय दिवसाकाठी शंभर लिटरच्या वर लाळ गिळते आणि त्या लाळेत खाण्याचा सोडाच असतो म्हणा ना. पण ती सुटते चघळण्यातून. गाय दिवसाचे सहा-आठ तास रवंथ करते ती त्यासाठीही. पुरणपोळीत चघळायला आहे काय?

तेव्हा या पोळ्याला नैवेद्य म्हणून एक घास द्या. बाकीची पोळी स्वतः खा, बैल रागावणार नाही.

संत्राबर्फी | मंगळवार, दुपारी ३:०५

आमचे आजोबा काटोलकडचे. गुराचं रवंथ बंद पडलं की ते दुसऱ्या धडधाकट गुराच्या तोंडातला रवंथाचा गोळा काढून आजाऱ्याच्या तोंडात कोंबायचे. आम्ही पोरं "ई" करून पळायचो. हे खरंच लागू पडायचं का?

डॉ_शिंगरू | मंगळवार, दुपारी ३:३०

आजोबांना माझा नमस्कार सांगा. आम्हीही तेच करतो, फक्त नळीनं. निरोगी जनावराच्या रुमेनमधला द्रव गाळायचा आणि कोमट असतानाच काही लिटर आजाऱ्याच्या पोटात सोडायचा. विरजण संपलं की शेजारून आणतो ना, तसं.

संत्राबर्फी | मंगळवार, दुपारी ३:३४

आजोबा आता नाहीत. पण आईला वाचून दाखवते, तिला बरं वाटेल.

वाडीची_वंदना | मंगळवार, संध्याकाळी ६:१८

विरजणावरून विचारते. वासराला पहिलं विरजण कुठून मिळतं? जन्मतः तर नसणार.

मृण्मयी_म | मंगळवार, रात्री ८:५०

@वाडीची_वंदना आई चाटते, तिची लाळ, आचळ, कोठ्यातली जमीन, उष्टा चारा, सगळीकडून. नवजात वासराचं रुमेन अगदी लहान आणि बिनकामाचं असतं. दूध त्यात पडून नासू नये म्हणून चोखताना अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हाळ तयार होते आणि दूध थेट चौथ्या कप्प्यात उतरतं. वासरू काडी चावू लागलं की पहिला कप्पा वाढू लागतो. दोन-तीन महिन्यांत संसार लागतो.

माळरान | मंगळवार, रात्री १०:१५

विरजणाचा विषय निघालाच आहे तर माझी आवडती गोष्ट सांगतो. सुबाभूळ. आपल्याकडे ७०-८० च्या दशकात तिचा केवढा बोलबाला होता. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेनं चाऱ्यासाठी तिचा जोरात प्रसार केला. आता नागपुरात रेल्वे लाइनच्या कडेनं बघा, न लावता उगवलेली असते.

पाला प्रथिनांनी भरलेला, पण त्यात मिमोसिन नावाचं विष. ते फार पोटात गेलं की केस गळतात. रुमेनमध्ये त्यापासून डीएचपी नावाचा पदार्थ तयार होतो, त्यानं गळ्यातली थायरॉइड सुजते आणि जनावर खंगतं. ऑस्ट्रेलियात हा त्रास भयंकर होता. रेमंड जोन्स नावाच्या शास्त्रज्ञाला कोडं पडलं की हवाई बेटांवरच्या शेळ्या हाच पाला पोटभर खाऊन ठणठणीत कशा? शेळ्यांत काही वेगळं नव्हतं. त्यांच्या पोटात डीएचपी फोडणारा एक जिवाणू होता, तो ऑस्ट्रेलियातल्या गुरांकडे नव्हता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईच्या शेळ्यांचा रुमेनमधला द्रव ऑस्ट्रेलियात आणला, तिथल्या जनावरांना पाजला आणि त्रास थांबला. कळपात काही जनावरांना दिलं तरी बाकीच्यांकडे आपोआप पसरतं. १९९२ मध्ये त्या जिवाणूचं नाव ठेवलं सिनर्जिस्टेस जोनेसी, जोन्सच्या नावावरून.

काटोलच्या आजोबांचीच युक्ती, फक्त समुद्र ओलांडून.

कोठ्यातून | मंगळवार, रात्री १०:४०

सुबाभुयीचा पाला आमी देतो, पन तिसरा हिस्साच. बाकी कुटार. बापानं सांगतलं व्हतं, कायले ते त्यालेबी माईत नव्हतं.

शंकासुर | बुधवार, सकाळी ८:४५

सगळं गोडगोड चाललंय, म्हणून मीठ टाकतो. या जिवाणूंमुळेच गाई मिथेन सोडतात आणि पृथ्वी तापते ना? की परदेशी मंडळींनी आमच्या गाईंवर फोडलेलं खापर आहे ते?

मृण्मयी_म | बुधवार, सकाळी १०:१०

@शंकासुर मिथेन खरा आहे, गाय देशी असो की विदेशी. मात्र तो तंतू फोडणारे जिवाणू बनवत नाहीत. त्यांच्या कामातून हायड्रोजन निघतो. तो साचला तर आंबणंच अडतं. तिथे आर्किया नावाचे वेगळे सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून मिथेन करतात आणि वाट मोकळी होते. म्हणजे घंटागाडीवाले. बहुतेक मिथेन ढेकरेतून बाहेर पडतो, लोक समजतात तिकडून नाही. चाऱ्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते, म्हणजे नुकसान शेतकऱ्याचंही. घंटागाडी नुसती बंद करून भागत नाही, कचऱ्याला दुसरी वाट द्यावी लागते. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य काढलंय, त्यानं मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो असं संस्था सांगते.

शंकासुर | बुधवार, सकाळी १०:३०

ढेकर हे माहीत नव्हतं. मागे घेतो. अर्धं.

खट्टामिठा | बुधवार, सकाळी १०:३३

सावजी खाल्ल्यावर माझं किती टक्के हवेत जातं?

चालक | बुधवार, सकाळी १०:५०

सावजीसाठी वेगळा धागा आहे. इथे चारच पोटांची चर्चा करावी.

वाडीची_वंदना | बुधवार, दुपारी १२:२०

पण कागद राहिला की! बर्डीवाल्यांची लेक वाट बघत असेल.

मृण्मयी_म | बुधवार, रात्री ९:३०

खरंच राहिलं. तंतूभोवती लिग्निन असतं, लाकडाला ताठ ठेवणारं. बिनऑक्सिजनच्या रुमेनमध्ये लिग्निन जवळजवळ फुटत नाही आणि सेल्युलोजला कवटाळून बसतं. म्हणून कोवळं गवत लवकर पचतं, कापसाची पऱ्हाटी पचत नाही. पांढरा लिहायचा कागद बनवताना रसायनांनी लिग्निन काढलेलं असतं, तेव्हा तो जिवाणूंना सोपा. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन बरंच राहतं, तोच पुढे पिवळा पडतो आणि पचतोही कमी. टाकाऊ कागद गुरांना चारण्याचे प्रयोगही झालेत. पण कागदात नत्र (नायट्रोजन) नाही, आणि नत्राशिवाय जिवाणू वाढत नाहीत. नुसत्या कागदावर गाय पोट भरून उपाशी राहील.

कोठ्यातून | बुधवार, रात्री ९:५५

नत्राचं बराबर हाये. धानाच्या तणसाचंबी तसंच, लय कडक. आमी १०० किलो तणसाले ४ किलो युरिया पान्यात घोळून शिंपडतो, ताडपत्रीखाली २१ दिवस दाबून ठेवतो. मंग म्हशी आवडीनं खातेत.

डॉ_शिंगरू | बुधवार, रात्री १०:२०

दादांची रीत बरोबर. पण वाचणाऱ्यांनी युरिया पाण्यात कालवून जनावराला पाजू नका, विषबाधेनं तासाभरात जाऊ शकतं. प्रक्रिया केलेलं तणसही वासरांना नको.

आणि कागदाबद्दल एक. गाय मुद्दाम कागद, चिंध्या, हाडं चघळत असेल तर बरेचदा खनिजांची कमतरता असते, विशेषतः फॉस्फरसची. कागद तरी निभतो. फ्लेक्स आणि कॅरीबॅगवर मात्र या जिवाणूंपैकी कोणाची विळी चालत नाही. शिकत असताना एका मोकाट गाईचं रुमेन उघडलं होतं, दोन घमेली प्लास्टिक निघालं, दोरखंडासारखं पीळ पडलेलं. पोस्टरच्या पिना आणि तारा दुसऱ्या कप्प्यात, जाळीच्या पोटात पडतात. तिथून हृदय अगदी जवळ, मध्ये फक्त एक पडदा.

सदाशिवपेठी | गुरुवार, सकाळी ७:५०

टवाळीसाठी आलो होतो, पूर्ण वाचला धागा. भाजीची देठं बांधलेली पिशवी मी रोज तशीच बाहेर ठेवतो. आजपासून मोकळी ठेवेन.

बर्डीवाला | रविवार, रात्री ९:१५

आज तान्हा पोळा झाला. नंदी घेऊन गल्लीभर फिरलो, नंतर लेकीच्या हट्टानं गोकुळपेठेत तीच भिंत बघायला गेलो. गाय नव्हती, पोस्टर होतं. कडा गेल्या होत्या, मधला भाग जसाच्या तसा. शेजारचा पानठेलेवाला म्हणाला, "खळ फक्त काठाले लावतेत ना भाऊ, मधात कोन लावते? तेवढंच खाते ते." मित्र जिंकला. त्याला चहा पाजावा लागणार.

लेकीनं वहीत लिहिलंय: "कागद पचतो. पण तिला खळ पाहिजे होती."

डॉ_शिंगरू | रविवार, रात्री ९:२८

खळ म्हणजे मैदा. पुरणपोळीची मावसबहीण. उद्या फोन चार्ज करूनच ठेवतो.